म्हातारीची फेरी

खिरीवरची करपट साय कुणाला मिळणार हे ठरल्याशिवाय त्या घरात रविवारच्या जेवणाला दुसरा विषय निघत नसे. मायरिग होता तोवर ती त्याचीच. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी नेस्टा दर रविवारी भांड्याच्या कडेची साय सुरीने सोडवून वेगळ्या बशीत काढायची, आणि बशी तशीच परत जायची. त्या रविवारी मात्र मॅब्लीने हात लांब करून ती बशी आपल्याकडे ओढली.

"आज मी खाते, आत्या. बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन."

नेस्टाने भावाच्या, मायरिगच्या मुलीकडे पाहिलं. तेच कपाळ, तेच डोळे. सकाळच्या उपासनेचा सूर अजून नेस्टाच्या अंगात होता. दूरच्या गावाहून आलेले म्हातारे पाळक आधी साधं बोलले, मग त्यांचं बोलणं हळूहळू चढत गेलं, आणि शेवटी प्रवचनाचं गाणं झालं. दोघे जण संध्याकाळच्या वाटेने चाललेत आणि तिसरा कधी सोबत आला त्यांना कळलंच नाही, एवढीच कथा. पण "कोण आहे बरोबर? वाटेत तुझ्या, कोण आहे बरोबर?" हे पालुपद त्यांनी असं आळवलं की बाकांवरची माणसं देहभान विसरून डोलायला लागली. नेस्टाचे डोळे भरून आले होते. आणि का कोण जाणे, पाठीतून एक बारीक शिरशिरीही गेली होती.

खिडकीबाहेर अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एक करडी, एक निळी. दोन्ही मागे लांब पाठ असलेल्या, सामान आणि कुटुंब दोन्ही पोटात घेणाऱ्या इस्टेट गाड्या. कार्मार्थन शहरातल्या विक्रेत्याने शनिवारी आणून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी त्यातली एक परत जायची होती आणि दुसरी 'एलिडर आणि मुलगे, ऑर्गन दुरुस्ती' यांच्या कंपनीची गाडी व्हायची होती.

"करडी," टेगिड म्हणाला. हा नेस्टाचा मुलगा. पेढीचं ऑफिस तोच बघायचा. "पेट्रोल कमी खाते, गिअर स्वतः टाकते, समोर मेंढी आली तर स्वतः थांबते. आणखी काय पाहिजे?"

"मग तिलाच पाठव की ऑर्गन लावायला," मॅब्ली म्हणाली. "मी घरी बसते."

"मॅब्ली, चेष्टा नको. निळी का, याचं एक कारण दे."

"चालवायला मजा येते."

"हे मी कागदावर लिहू? कारण: मजा येते?"

"लिही. मोठ्या अक्षरात लिही." मॅब्लीने चमचा खाली ठेवला. "टेगिड, तुझी खुर्ची फिरते, बरोबर? उंच होते, खाली होते, पाठीला गादी आहे. माझी खुर्ची म्हणजे गाडी. आठवड्यातले चार दिवस. आज पेम्ब्रोकला, उद्या बालाला, परवा कुठल्या तरी डोंगराच्या टोकावरच्या चॅपलला. मागच्या महिन्यात ती भाड्याची गाडी, तुझ्या करडीची सख्खी बहीण. इतकी शांत, इतकी गुळगुळीत, की माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा कुंपणातून मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या."

टेगिडचा चेहरा उतरला. "हे तू सांगितलं नाहीस."

"आता सांगते. आणि तेही सांगते, डरॅमच्या ऑर्गनवाल्यांचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. आमच्याकडे नोकरीला या म्हणतात. मला जायचं नाही, खरंच नाही. पण झोपेत मरायचंही नाही."

नेस्टाच्या हातातला चहाचा कप बशीवर जरा जोरात टेकला. मॅब्ली गेली की फिरतीवर जाणारं, ऑर्गनच्या नळ्यांना कान लावणारं त्या घरात कुणी उरत नव्हतं. नेस्टाच्या थोरल्या भावाला, योर्वर्थला, ऐंशी झालेली, कान दगड. टेगिडला सूर आणि शिट्टी यांतला फरक कळत नसे. पेढी आपोआप मिटली असती.

योर्वर्थ सगळ्यांचे ओठ वाचत बसला होता. त्याने टेबलावर बोटांनी टकटक केलं. "भांडून काय होणार? म्हातारीला विचारा."

"कोणत्या म्हातारीला, मामा?" टेगिड म्हणाला. "इथे एक माझी आई आहे."

"तोंड सांभाळ," नेस्टा म्हणाली, आणि सगळे हसले. हसू विरताना तिला पुन्हा तीच शिरशिरी जाणवली.

म्हातारी म्हणजे नेस्टाचे आजोबा एलिडर यांनी घडवलेली पहिली नळी. पाइन लाकडाची, माणसाहून लांब, तळाचा खर्जाचा सूर. ती कुठल्याही ऑर्गनला कधी बसवली नव्हती. पेढीसाठी गाडी घ्यायची तर आधी बाजूची सीट पूर्ण आडवी करून म्हातारीला मागच्या दारापासून पुढच्या काचेपर्यंत निजवायचं आणि डोंगरावरच्या हेर्मोन चॅपलपर्यंत न्यायचं. गाडीत दोघंच: एक चालवणारा आणि त्याच्या पाठीमागे एक साक्षी. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. वर पोचलं की इंजिन बंद करून मनातल्या मनात एकदा प्रभूची प्रार्थना, आणि परत. गाडीत नळी बोलली, म्हणजे तिच्यातून सूर निघाला, तर त्या गाडीत वारा शिरतो, ती नळ्या वाहायला नालायक. आजोबांचं कारण इतकं सरळ होतं. रविवारी त्या घरात हातोडीला कुणी हात लावत नसे, पण म्हातारीची फेरी हे काम धरत नसत. पुढच्या पिढ्यांनी त्या कारणाला काय चिकटवलं, की ती बोलली तर त्या गाडीतलं माणूस एक दिवस परत येत नाही, ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

करडीची फेरी टेगिडने केली, साक्षीला नेस्टा. गाडी जणू जमिनीला न टेकताच वर गेली आणि खाली आली. परतल्यावर योर्वर्थने टेबलापलीकडून विचारलं, "बोलली का?" नेस्टाने रिवाजाप्रमाणे टेबलावर उजवा हात पालथा ठेवला. "नाही."

"झालं!" टेगिड म्हणाला.

"माझी राहिली आहे," मॅब्ली म्हणाली आणि कोट घालायला गेली.

नळी काढून निळीत ठेवायला टेगिडने मदत केली आणि तो आत गेला. नेस्टा अंगणात एकटी उरली. धुकं डोंगरावरून उतरायला लागलं होतं. मागचं दार उघडं होतं, आणि म्हातारीचं तोंड, लाकडातली ती आडवी फट आणि तिच्यावरचा कोरीव ओठ, वर आभाळाकडे होतं.

अठरा वर्षांपूर्वी ती अशीच उभी होती. तेव्हाची गाडी हिरवी होती, आणि चालवायला मायरिग. हेर्मोनच्या खालच्या वळणावर म्हातारी बोलली होती. मोठ्याने नाही, पण बोलली होती. मायरिगचे डोळे आरशात तिच्या डोळ्यांना भिडले होते. अंगणात आल्यावर तो उतरला नाही. लहानपणी करायचा तसा चेहरा करून म्हणाला, "नेस्टा, अगं किती मजा येते हिच्यात. नको ना सांगूस." आणि तिने टेबलावर हात ठेवून "नाही" म्हटलं होतं. देवाला मानणाऱ्या बाईने, स्वतःच्या आईबापाच्या टेबलावर.

दोन वर्षांपूर्वी मायरिग त्याच वळणावर सापडला. गाडी नीट कडेला घेतलेली, ब्रेक ओढलेला, इंजिन बंद. सीटचा पट्टा नेहमीसारखा न लावलेला. डोंगर उतरेपर्यंत तो कधी पट्टा लावतच नसे. काळीज थांबलं, डॉक्टर म्हणाले. नेस्टा काही म्हणाली नाही. मॅब्लीने हट्टाने तीच हिरवी गाडी पुढे चालवली, सप्टेंबरात तिचं इंजिन बसेपर्यंत. त्या दोन वर्षांत मॅब्ली घरी येईपर्यंत नेस्टाने एकाही संध्याकाळी दिवा मालवला नव्हता.

तिने गळ्यातला लोकरीचा मफलर काढला. घडी घातली. आणि म्हातारीच्या तोंडात बोटांनी खोल, आणखी खोल कोंबला. तोंड बुजवलेली नळी बोलत नाही, हे त्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक. आता ती बोलणार नाही. म्हणजे आपल्याला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही. 'नाही' हे खरंच असेल.

"देवा, एवढं चालवून घे," ती पुटपुटली, आणि वरून फडकं पसरलं.

निळी गाडी सुरू झाली तेव्हा नेस्टाला बुडाखाली इंजिनाचा जिवंतपणा कळला. मॅब्लीने गिअर टाकला, मनगटाच्या एका झटक्यात, आणि गाडी पुलावरून अशी वळली जशी एखादी बाई नाचताना वळते, अंग सगळं एकत्र. चढावर इंजिनाचा आवाज भरला, गोल झाला. मेंढ्यांच्या कुरणांच्या भिंती, ओले फर्न, दगडी खांब. प्रत्येक वळण मॅब्ली आधीच ओळखत होती, आणि गाडी तिला. नेस्टाला मागून तिचा गाल दिसत होता. त्या गालावर हसू होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मॅब्लीला असं, कुणासाठी नसलेलं हसू हसताना पाहिलं. 'मजा येते' म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. मायरिग काय मागत होता, तेही.

हेर्मोन धुक्यात होतं. चॅपलच्या दोन उंच खिडक्या, बंद दार, ओळीने उभे थडग्यांचे दगड. इंजिन बंद झालं. दोघींनी डोळे मिटले. नेस्टाची प्रार्थना अर्ध्यावर अडली. पाळकांचं पालुपद मध्येच घुसत होतं: कोण आहे बरोबर?

उतार लागला. पहिलं वळण. दुसरं. नेस्टाने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंफले. तिसरं वळण आलं, जिथे रस्ता कडेला जरा रुंद आहे.

आधी कानाला नाही, बरगड्यांना कळलं. मग सीटच्या लोखंडाला, मग दातांना. म्हातारी बोलत होती. खर्जाचा तो एक सूर, भरीव, उबदार, कुणी छातीभर श्वास घेऊन धरावा तसा. फडक्याखाली, मफलरखाली, बंद तोंडाने.

मॅब्लीने ब्रेक लावला. गाडी कडेला थांबली. तिने इंजिनही बंद केलं. वारा नव्हता. फर्नचं पानही हलत नव्हतं. आणि सूर चालूच होता. नेस्टाने हात पुढे करून लाकडाला लावला. लाकूड कोमट होतं. मग सूर थांबला. विरला नाही, थांबला, जसं कुणी पट्टीवरून बोट उचलावं.

आरशात दोन डोळे तिच्याकडे पाहत होते. मायरिगचेच.

गाडी अंगणात येऊन थांबली. मॅब्ली उतरली नाही. आता मागेल, नेस्टाच्या मनात आलं. आता म्हणेल, आत्या, नको ना.

"आत्या," मॅब्ली समोर बघतच म्हणाली, "जे असेल तेच सांग हं. माझ्यासाठी काही करू नकोस."

टेबलावर खिरीचं भांडं अजून तसंच होतं. योर्वर्थने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा हळू विचारलं, "बोलली का?"

नेस्टाने हात टेबलावर ठेवला. "बोलली." तिने हात उचलला नाही. "आणि दादा, मायरिगच्या हिरव्या गाडीतही बोलली होती. मी नाही म्हणाले. या इथे, असाच हात ठेवून नाही म्हणाले."

टेगिडने कागद पुढे ओढला.

"ठरलं मग," टेगिड घाईघाईने म्हणाला. "करडी."

"तू?" मॅब्ली त्याच्यावर उलटली. "काल रात्री थोतांड म्हणत होतास! लाकडाच्या पोकळ दांडक्याला विचारून कोण गाडी घेतं म्हणत होतास!"

"म्हणालो. खिडकी उघडी असेल, वाऱ्याने..."

"गाडी उभी होती, टेगिड. इंजिन बंद करून."

टेगिड खुर्ची सरकवून तिच्याजवळ बसला. "तर मग आणखीच. मॅब्ली, ऐक, मी कागदपत्रं, पेट्रोल, सगळं सोडतो. मला त्या वळणावर जाऊन पुन्हा कुणाला घरी आणायचं नाही. मायरिगमामाला मीच आणलं होतं. तू नव्हतीस. तुला जागं ठेवणारी दुसरी कुठलीही गाडी घेऊ. ही नको."

मॅब्ली त्याच्याशी बोलणार होती, पण तिची नजर आत्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं. आणि बाबांना सोळा वर्षं त्या गाडीतून रोज जाऊ दिलंस. मलाही, दोन वर्षं."

"हो," नेस्टा म्हणाली.

योर्वर्थ मध्येच उठून बाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात लोकरीचा मफलर होता. त्याने तो खिरीच्या भांड्याशेजारी ठेवला. लोकरीला बारीक लाकडी भुसा लागला होता.

"हे मी तिच्या घशातून काढलं. कोपरापर्यंत हात घालावा लागला."

"मीच कोंबला," नेस्टा म्हणाली. "ती बोलू नये म्हणून. म्हणजे मला खोटं बोलायला नको."

टेगिडने मफलर उचलला, पुन्हा ठेवला. "मग आवाज आला कुठून?"

योर्वर्थ सावकाश खुर्चीवर टेकला.

"आता माझं ऐका. मी सत्तरच्या आसपास वर्षं गप्प बसलोय. नेस्टा, आपले बाबा ज्या गाडीतून दरीत गेले, तिच्या फेरीला साक्षी मी होतो. तू चार वर्षांची होतीस, मायरिग पाळण्यात. त्या गाडीत म्हातारी बोलली नाही. मी कान लावून बसलो होतो, तेव्हा कान होते. हूं नाही की चूं नाही. मी हात ठेवला, खरं तेच सांगितलं, गाडी घेतली. पहिल्याच हिवाळ्यात बाबा गेले." त्याने मफलरची घडी सरळ केली. "तेव्हापासून मला म्हातारीचा राग आहे. तिला सगळं कळत असतं तर त्या दिवशी ती गप्प का बसली? आणि मायरिगच्या गाडीत बोलली, तर तो सोळा वर्षं गात गेला आणि गात आला. काळीज तर त्याचं खाटेवरही थांबलं असतं, त्याच दिवशी, त्याच वेळी. थांबताना गाडी कडेला घेण्याइतकं त्याला सुचलं. कुणी सुचवलं?"

दोन वर्षं नेस्टाच्या छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलला नव्हता, फक्त जरा सरकवला होता. तेवढ्याने श्वास येत होता.

मॅब्लीने मफलर उचलून आत्याच्या गळ्यात घातला. जरा घट्टच बांधला.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"रागाव, बाळ."

"पण एक विचारते. वर, त्या वळणावर, तुला भीती वाटली?"

नेस्टाने आठवून पाहिलं. कोमट लाकूड. छातीभर धरलेला सूर. "सुरू झाला तेव्हा वाटली," ती म्हणाली. "थांबला तेव्हा... थांबू नये असं वाटलं."

"मलाही." मॅब्लीने पर्समधून डरॅमचं पाकीट काढलं आणि दुमडून खिरीच्या रिकाम्या बशीखाली सरकवलं. "टेगिड, तुझ्या कागदावर लिही. निळी. कारण: मजा येते."

टेगिडने आईकडे पाहिलं. पेढीच्या कागदावर सही तिची लागायची. नेस्टाने पेन मागितलं. सही करताना तिचा हात हलला नाही, पण मनात ती एकच म्हणत होती: या वेळी मी काही लपवलेलं नाही. देवा, आता तुझ्यावर.

सोमवारी सकाळी धुकं तसंच होतं. मॅब्ली आठला निघाली, वाट हेर्मोनवरूनच. निळ्या गाडीचा आवाज वळणावळणाने वर चढत गेला. म्हातारी पुन्हा कार्यशाळेत, भिंतीवरच्या आपल्या दोन खुंट्यांवर. नेस्टा तिच्याजवळ गेली आणि तळहात लाकडावर ठेवला.

लाकूड थरथरत होतं. सूर नव्हता, नुसती थरथर, मांडीवर निजलेल्या मांजरीची असते तशी. तिने हात काढला नाही. टेगिड दाराशी आला, आईला तसं पाहून काही न बोलता आत आला आणि त्यानेही हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यालाही कळतंय. दोघं तसेच उभे राहिले, किती वेळ ते कुणी मोजलं नाही. मग थरथर थांबली. एकदम.

टेगिडचा चेहरा पांढरा पडला. "आई."

नेस्टाच्या खिशातला फोन वाजला. नेस्टाने तो कानाला लावला तेव्हा तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"आत्या, पोचले! अगं काय गाडी आहे! त्या उतारावर तर..." मॅब्ली हसत होती. तिच्या हसण्यामागे काहीतरी किणकिणत होतं, एकसारखं, न थांबता.

"कसला आवाज गं तो?"

"तेच ना. सीटबेल्टची घंटा. हेर्मोनच्या खालच्या वळणापासून वाजतेय. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते. पण बाजूची सीट रिकामी आहे. पिशवीसुद्धा नाही. म्हातारी तुमच्याकडेच आहे ना?"

"इथेच आहे. माझा हात तिच्यावर आहे." नेस्टाने डोळे मिटले. "मॅब्ली, तुझा स्वतःचा पट्टा?"

"लावलाय की."

"मग बाजूचाही लाव. ओढ आणि अडकव. त्याला तो कधीच आवडला नाही, पण आता तुझी गाडी आहे. तुझं ऐकेल."

फोनवर घंटा वाजत राहिली. मग पट्टा ओढल्याचा सळसळाट आला, आणि खट्ट असा एक आवाज.

घंटा थांबली.